टिकवायचं तर पेरायचं

खरसूचं बी झाडावर असतानाच मूळ सोडतं. गढवालात चोपत्याच्या आसपास, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या आत-बाहेर, खरसूची जुनी रानं आहेत. खोडांवर शेवाळ, फांद्यांवर नेचे आणि श्रावणात सगळ्यावर धुकं. अशाच एका ओल्या सकाळी वाटेवर वाकलेली एक फांदी हातात धरून मी पाहत होते. फळ सुपारीएवढं, गोल, काळपट तपकिरी. देठाच्या बाजूला बारीक खवल्यांची उथळ वाटी, नीट बेतून बसवलेली. दुसऱ्या टोकाला जी लहानशी अणी असते, तिथे साल चिरली होती आणि त्या चिरेतून पांढुरकं मूळ बाहेर आलं होतं, नखाएवढं. फळ अजून फांदीवरच. खाली माती आहे की खडक, सपाटी आहे की कडा, कसलीच चौकशी न करता त्याने सुरुवात करून टाकली होती.

त्याला तसं करणं भागच असतं. खरसूचं फळ ऐन पावसात पिकतं. त्या उंचीवर पाऊस सरला की थंडी येते आणि थंडीमागोमाग बर्फ. रुजायला मिळते ती एवढीच मुदत. कोकणातल्या खाड्यांमध्ये कांदळही हेच करतो. भरती-ओहोटीच्या चिखलात बी वाहून जाऊ नये म्हणून ते झाडावर असतानाच लांबलचक मूळ काढतं आणि मगच खाली येतं. एक झाड खाऱ्या पाण्यातलं, दुसरं बर्फाच्या हद्दीतलं. दोघांनाही थांबणं परवडत नाही.

खरसू हा ओकच्या कुळातला. हिमालयात या कुळातली भावंडं उंचीप्रमाणे वाटून बसली आहेत. खाली बांज, त्याच्यावर मोरू म्हणजेच तिलोंज आणि सर्वांत वर खरसू. सह्याद्रीत ओक नाही, त्यामुळे त्याच्या फळाला मराठीत घरचं असं नाव नाही. फारसीच्या वाटेने आलेला ‘बलूत’ शब्दकोशात सापडतो, बोलण्यात नाही. मुलांना हे फळ ठाऊक असतं ते ‘आइस एज’ सिनेमातल्या खारीमुळे. ती जन्मभर त्या एका फळामागे धावते.

तरीही ओक आपल्या घरात फार जुन्या काळापासून आहे. बाळगुटीच्या डब्यात हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ यांच्याबरोबर एक टणक, खडबडीत, करडा गोळा असतो. ते मायफळ. नाव फळाचं असलं तरी ते फळ नव्हे. तुर्कस्तान, सीरिया, इराण या भागांत वाढणाऱ्या एका ठेंगण्या ओकच्या कोवळ्या अंकुरात एक बारीक माशी अंडं घालते आणि त्या अंड्याभोवती झाड ही गाठ वाढवतं. आतली अळी मोठी होऊन भोक पाडून निघून जाते, गाठ उरते. सहाणेवर तिचे दोन वळसे दिले की दुधात उतरतो तो तुरटपणा ओकचा. झाड पाहिलंही नसेल अशा कित्येक पिढ्यांनी त्याची चव जिभेवर बोलही फुटले नव्हते तेव्हा घेतली आहे. हाच तुरटपणा, म्हणजे टॅनिन, ओकच्या खऱ्या फळातही असतो, आणि त्या फळाची सगळी कहाणी त्याच्यापाशी येऊन अडते.

त्याआधी या बियाचा मूळ स्वभाव सांगितला पाहिजे. ज्वारीचा दाणा उन्हात कडक वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत ठेवला तर पुढच्या पेरणीला तो बिनतक्रार उगवतो. वाळणं हीच त्याची झोप. ओकच्या बियाला ही झोप येत नाही. ते गळून पडतं तेव्हा त्याच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं. ते २५-३० टक्क्यांवर उतरलं की बहुतेक जातींच्या बियांतला जीव संपतो. वाळवलं तर मरतं, गोठवलं तर मरतं. जगभरातल्या बियाणपेढ्यांमध्ये उणे १८ अंशांना गहू, भात, डाळी वर्षानुवर्षं जपता येतात. ओकला त्या तिजोरीत जागा नाही. त्याला ठेवायची जागा एकच, ओली माती. आणि ओल्या मातीत ते नुसतं राहत नाही, उगवतं.

रोपवाटिकेत काम करणाऱ्यांना हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. हिवाळ्यात बांजची फळं गोळा झाली की आधी ती पाण्याच्या बादलीत टाकतात. तळाशी जातील ती ठेवायची, तरंगतील ती काढून टाकायची. भाताचं बियाणं मिठाच्या पाण्यात घालून पोचट दाणे वेगळे करणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला ही रीत लगेच ओळखू येईल. तरंगणारं फळ बहुधा किडलेलं असतं. लांब सोंडेचा एक भुंगा कोवळेपणीच त्याला भोक पाडून आत अंडी घालतो. नीट पाहिलं तर अशा फळाच्या सालीवर सुईने पाडल्यासारखं गोल छिद्र दिसतं. अळी आतला मगज खाऊन तिथून बाहेर पडलेली असते. ते रिकामं कवचही वाया जात नाही. युरोप-अमेरिकेच्या रानांत मुंग्यांच्या काही जाती इतक्या बारीक आहेत की राणी, कामकरी, अंडी, अळ्या असं त्यांचं अख्खं बिऱ्हाड एका पोकळ फळात मावतं. पाण्याखाली गेलेली फळं मात्र ओल्या गोणपाटात ठेवून लवकरात लवकर पिशव्यांमध्ये लावायची असतात. आज-उद्या करायची सोय नाही.

असं बी देणारं झाड देतं मात्र हात राखून नाही. काही वर्षं फळ अगदी विरळ धरतं. मग एखाद्या वर्षी त्या टापूतले सगळे ओक एकदम लगडतात. हापूसच्या बागायतदाराला वर्षाआड येणारं पीक माहीत असतं. ओकचा हिशेब याहून बेभरवशाचा. मधल्या तुटीच्या वर्षांत उंदीर, खारी, भुंगे यांची संख्या आटते, आणि मग इतकी फळं पडतात की सगळ्यांनी पोट फुटेस्तोवर खाल्ली तरी उरावीत. हिमालयात अस्वलं, वानरं, उडत्या खारी यांची थंडी या फळांवर निघते. उरतील ती रान होतात.

तरी साठवणारे साठवतातच, आणि त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियात एक सुतारपक्षी आहे. त्याचा थवा एकाच वाळक्या झाडाच्या सालीत पिढ्यान् पिढ्या भोकं पाडत राहतो. एकेका झाडावर हजारो. प्रत्येक भोकात एकेक फळ ठोकून घट्ट बसवायचं. पण फळ वाळतं, आकसतं, सैल होतं आणि चोराला काढायला सोपं जातं. म्हणून पक्षी रोज फिरून तपासतो आणि सैल झालेलं फळ काढून लहान भोकात बसवतो. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या करड्या खारीचा डाव याहून पुढचा. पांढऱ्या ओकचं फळ शरद ऋतूत पडल्या पडल्या मूळ सोडतं आणि पुरलेलं अन्न त्या मुळात निघून जातं. खार ते फळ पुरण्याआधी दातांनी नेमका त्याच्यातला अंकुर कुरतडून टाकते. लाल ओकचं फळ वसंतापर्यंत थांबतं, त्याला ती सहसा तशी इजा करत नाही. धान्य म्हणून ठेवायचं तर बी मारावं लागतं, हे तिला ठाऊक आहे.

माणसानेही तेच केलं, आणि त्यात दोष देण्यासारखं काही नाही. भुकेचा तो हक्कच आहे. कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांचं हे हजारो वर्षांचं मुख्य अन्न. योसेमिटीच्या खोऱ्यात मिवोक लोक काळ्या ओकची फळं उंच खांबांवरच्या कणग्यांमध्ये भरून ठेवत. कणगी बाहेरून देवदाराच्या सालींनी आणि फांद्यांनी शाकारलेली. वाळलेली फळं फोडायची, दाण्यावरची तांबूस पापुद्र्यासारखी साल पाखडून काढायची आणि ग्रॅनाइटच्या खडकात कोरलेल्या उखळांमध्ये कुटायची. ती उखळं आजही तिथे आहेत. बायकांच्या पिढ्यांनी कुटून कुटून खोल केलेली. पीठ झालं तरी खाता येत नाही, कारण टॅनिनने तोंड आवळून येतं. मग वाळूचं आळं करून त्यात पीठ पसरायचं आणि त्याच्यावर पाण्याच्या धारा सोडायच्या, तुरटपणा उतरेपर्यंत. किती वेळा, ते जिभेने ठरवायचं. शेवटी पाणी न गळेल इतक्या घट्ट विणलेल्या टोपलीत पीठ-पाणी घालून त्यात तापवलेले दगड सोडायचे. टोपलीतच रटरटून शिजते ती आंबील. ज्युलिया पार्कर यांनी ही विद्या योसेमिटीत पतीच्या आजी लुसी टेल्स यांच्याकडून उचलली आणि पुढे कित्येक दशकं तिथल्या संग्रहालयात येणाऱ्यांसमोर करून दाखवली. ही विद्याही वाळवून ठेवता येत नाही. एका हाताने दुसऱ्या हाताला दिली तरच राहते.

कोरियात याच फळाच्या सत्त्वाची वडी पाडतात, दोतोरीमुक. तपकिरी, थरथरणारी, चवीला जवळजवळ काहीच नसलेली. सोया सॉस, तीळ आणि कांद्याची पात घालून खातात. दुष्काळात जगवणारं अन्न आता आवडीने खाल्लं जातं, इतकं की डोंगरावर फिरायला येणाऱ्यांना वनखातं विनवतं: फळं गोळा करून नेऊ नका, प्राण्यांना राहू द्या. स्पेनच्या एक्स्त्रेमादुरात सदाहरित ओकची विरळ राखलेली कुरणं आहेत, देहेसा म्हणतात त्यांना. तिथे शरदापासून हिवाळाभर काळी डुकरं या फळांवर पोसतात आणि त्यांचं मांस जगात सर्वांत महाग मांसांपैकी एक ठरतं. त्याच देशातला, सर्व्हान्तेसच्या कादंबरीतला दोन किहोते धनगरांच्या पंगतीत मूठभर ही फळं हातात घेतो आणि त्या सुवर्णयुगाबद्दल बोलायला लागतो, जेव्हा ‘माझं’ आणि ‘तुझं’ हे शब्दच नव्हते. हे बोलायला त्याच्या हातात दुसरं कुठलं फळ शोभलं नसतं. जे फार काळ स्वतःजवळ धरून ठेवता येत नाही, त्याच्यावर मालकी तरी किती सांगणार?

इंग्रजीत या फळाला अ‍ॅकॉर्न म्हणतात, आणि या फळाच्या नावांची भावकीही अशीच पसरत गेली. मूळ अर्थ मोकळ्या रानाचं फळ. आपल्या संस्कृतातला शेतवाचक ‘अज्र’ हा त्याचा लांबचा नातेवाईक. रोमन लोक त्याला ‘ग्लान्स’ म्हणत. गोफणीतून फेकायच्या शिशाच्या गोळ्यांना सैनिकांनी तेच नाव दिलं आणि वैद्यांनी शरीरातल्या गाठींना ‘छोटं ओकफळ’ म्हटलं. डॉक्टर ‘ग्लँड’ म्हणतात तो हाच शब्द. ग्रीक ‘बालानोस’ समुद्रात उतरला. ओहोटीला कोकणातल्या खडकांवर तळवे सोलून काढणारी पांढरी, शंकूसारखी कवचं असतात, त्यातल्या एका गोताचं शास्त्रीय नाव त्याच्यावरून पडलं. आणि १९७८ साली केंब्रिजमध्ये दोघांनी संगणक बनवणारी एक लहानशी कंपनी काढली, तिचं नाव अ‍ॅकॉर्न. तिथे सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एका नव्या, साध्या प्रोसेसरची रचना केली. १९८५च्या एप्रिलमध्ये पहिली चिप चालली. तिचं नाव ‘एआरएम’, त्यातला पहिला ‘ए’ अ‍ॅकॉर्नचा. १९९०मध्ये त्या रचनेसाठी वेगळी कंपनी निघाली, आणि तिने वर्षानुवर्षं स्वतः चिप न बनवता आपली रचना दुसऱ्यांना बनवायला दिली. मूळची अ‍ॅकॉर्न कंपनी पुढे उरली नाही. पण आज जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनच्या आत तिच्यातून उगवलेली रचना चालते आहे. तिजोरीत ठेवली असती तर ती एका कंपनीबरोबर संपली असती.

पेरणाऱ्यांकडे वळायचं तर पहिला मान ‘जे’ नावाच्या पक्ष्याचा. निळ्या पंखपट्टीचा हा कावळ्याच्या कुळातला पक्षी एका शरदात काही हजार फळं गोळा करतो. गळ्याच्या पिशवीत एका वेळी चार-पाच, चोचीत आणखी एक. झाडापासून दूर, उघड्या गवताळ जागेत, एकेक फळ वेगवेगळं मातीत खोचून ठेवतो. हिवाळ्यात त्यातली बरीच आठवणीने काढून खातो. उन्हाळ्यात उगवलेलं रोप दिसलं की त्याला चोचीने धरून किंचित उचकटतो, मुळाशी अजून चिकटलेल्या बियाच्या दोन्ही फाकी काढून पिल्लांना देतो आणि रोप तसंच सोडतो. रोप बहुतेक वेळा जगतं. खाणं आणि पेरणं एकाच चोचीतून होतं. हिमयुग ओसरल्यावर ओक युरोपात उत्तरेकडे ज्या वेगाने पसरले, तो वेग नुसत्या गळून पडण्याने येणं शक्य नाही, हे १८९९ साली क्लेमेंट रीड यांनी हिशेब मांडून दाखवलं होतं. ओकचं जड फळ झाडाच्या सावलीपलीकडे क्वचितच जातं. त्या रानांना पंख होते.

माणसानेही पेरलं, बहुतेकदा स्वार्थापोटी. ट्रफल्गारच्या लढाईत नेल्सनच्या हाताखाली लढलेला अ‍ॅडमिरल कॉलिंगवूड सुट्टीवर घरी आला की खिशात ओकची फळं भरून फिरायला निघायचा आणि दिसेल त्या मोकळ्या जागेत एकेक पेरत जायचा. आरमाराला पुढे लाकूड कमी पडू नये ही चिंता. ती खोटी नव्हती. ओकच्या टंचाईमुळेच इंग्रजांची जहाजं मुंबईच्या गोदीत सागवानात बांधली जात होती. वाडियांनी १८१७ साली बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमधल्या हार्टलपूलला अजून तरंगतं आहे. स्वीडनने तर १८३१पासून वेटर्न सरोवरातल्या विसिंगसो बेटावर आरमारासाठी सुमारे तीन लाख ओक लावले. १९७५ साली वनखात्याने नौदलाला रीतसर कळवलं: तुमचं लाकूड तयार आहे. तोवर जहाजं पोलादाची होऊन शतक उलटलं होतं. रान उभं राहिलं, आणि आता लोक त्या सरळसोट, उंच झाडांमधून चालायला जातात. लावणाऱ्यांचा हेतू मागे पडला, त्यांचं काम पुढे गेलं. पेरण्याचा हाच मोठेपणा मला वाटतो. कशासाठी पेरलं याचा हिशेब चुकला तरी पेरलेलं वाया जात नाही. साठवलेल्याचं तसं नाही. वेळ टळली की ते संपतं.

उत्तराखंडात पेरण्याचा हा प्रश्न पाण्याचा आहे. बांजची पानं वरून गर्द हिरवी, खालून पांढुरकी. तळाशी त्यांचा जाड, ओला थर साचतो. डोंगरावर पडलेला पाऊस तो थर हळूहळू आत मुरवतो. बांजच्या रानाखालच्या झऱ्याचं पाणी थंड आणि बारमाही, हे तिथल्या लोकगीतांपासून पाणवठ्यावरच्या गप्पांपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. इंग्रजी अमदानीत रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि राळेसाठी सरकारने चीड म्हणजे पाइनला झुकतं माप दिलं. १९२१ साली कुमाऊंत लोकांनी वनकायद्यांविरुद्ध मोठा उठाव केला. बांज मात्र मागे हटत राहिला. जिथे जुना बांज उभा आहे तिथेही पोर झाड दिसत नाही असं कितीदा होतं. पाला गुरांना जातो, फळं प्राण्यांना, आणि चिडाच्या वाळक्या सुयांना लागलेली आग रोपं खाते. बाया मैलोन् मैल चालून पाल्याचे भारे आणतात. त्यांच्याशिवाय या रानाची किंमत कुणाला जास्त कळणार?

म्हणून पौडी जिल्ह्यातल्या उफरैंखालचं काम मला फार मोठं वाटतं. सच्चिदानंद भारती तिथे शिक्षक होते. १९८०च्या दशकापासून त्यांनी गावोगावच्या महिला मंगल दलांना बरोबर घेऊन दूधातोलीच्या उतारांवर बांज, बुरांस यांसारखी झाडं लावली आणि पाऊस अडवायला हजारो लहान लहान खड्डे खणले, जलतलैया. सुका पडलेला एक ओढा पुन्हा वाहता झाला आणि लोकांनी त्याचं नाव गाडगंगा ठेवलं. मोठं धरण नाही, मोठा निधी नाही. त्या त्या वर्षीचं बी त्या त्या वर्षी मातीत, आणि त्या त्या वर्षीचं पाणीही मातीत. दोन्ही साठवण्याची खरी जागा एकच आहे, हे त्या बायांनी हातांनी सिद्ध केलं.

ओक आपला नसला तरी ओकचा स्वभाव असलेली झाडं आपली आहेत. आंबा, फणस, जांभूळ. यांचं बीही वाळवून टिकत नाही. वैशाख-ज्येष्ठात फळं गळतात आणि लगोलग पाऊस येतो. हा मेळ निसर्गाने काही उगाच घातलेला नाही. आठळ्या आपण मातीत घोळवून पावसाळ्यातल्या भाजीसाठी ठेवतो, त्या खाण्यासाठी. झाडासाठी आठळी ठेवायची नसते, लावायची असते. आणि आता कोकणात नवी झाडं लावायची ती कलमांची. कलमांनी पैसा दिला, त्याबद्दल तक्रार नाही. पण कोयीपासून उगवलेला प्रत्येक रायवळ वेगळा असतो. एकाचा रस पातळ, एकाला खोबऱ्याचा वास, एक आंबटढाण पण लोणच्याला अव्वल. म्हातारं रायवळ झाड पडतं तेव्हा ती एक चवच जाते, कारण तिचा दुसरा नमुना कुठल्याही बियाणपेढीत ठेवलेला नसतो. ठेवता येतच नाही.

जे वाळवून टिकतं ते कुणीतरी टिकवेल. त्याला शीतगृहं आहेत, संस्था आहेत, याद्या आहेत. ओकच्या आणि आंब्याच्या जातीचं जे जे आहे, म्हणजे रायवळाची चव, पीठ धुण्याची जिभेवरची खूण, पाल्याचा भारा वाहणारीला ठाऊक असलेला झरा, त्याला मुदत फार थोडी असते आणि ती दर वर्षी नव्याने सुरू होऊन दर वर्षी संपते. म्हणून परसात एखादा जुना रायवळ असेल तर यंदाच्या कोयी उकिरड्यावर जाऊ देऊ नयेत. वाळायच्या आत, पहिल्या पावसाच्या ओलीत, वीतभर खड्ड्यात त्या लावाव्यात. झाड कुणाच्या वाट्याला येईल ते येवो. पुढच्या वर्षीपर्यंत ती कोय थांबणार नाही.